सोळा एकदम, सोळा सुट्या

१९९७ च्या गणपतीत, सातव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या मांडवात एकशे चार माणसांसमोर (मी मोजली) नऊ हजार रुपयांचा पियानो माझ्या डाव्या कोपरामुळे फजीत पावला.

पियानो जुना, देवळाली कॅम्पातल्या एका बदली झालेल्या मेजरसाहेबांकडून घेतलेला. आमची मुक्ता तिथेच लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका सरांकडे शिकायची. माझी बायको सुनंदा लग्नानंतर चौदा वर्षांनी पहिल्यांदा चारचौघांत गाणार होती आणि साथीला मुक्ता. भांडण एवढ्यावरूनच, की कॉर्ड, म्हणजे तीन स्वरांचा जुडगा, वाजवायचा कसा!

“तिन्ही पट्ट्या एकदम! सर म्हणतात, बूट आपटल्यासारख्या.”

“मी भावगीत गातेय गं बाई, परेड नाही! एकेक स्वर सुटा सोड, प्राजक्त पडतो तसा.”

“तसं वाजवलं की झोप येते, आई!”

“आणि तू वाजवतेस तेव्हा मी दचकते!”

चौथ्या दिवशी सुनंदा म्हणाली, “मी गातच नाही. नाव काढा माझं.”

मग मी मध्ये पडलो. (इथेच चुकलो.) गाण्यातल्या कॉर्ड मोजल्या. भरल्या बत्तीस. निकाल दिला : सोळा एकदम, सोळा सुट्या. कुठे कोणती याचा तक्ता केला. तो मुक्ताच्या लक्षात राहीना, तेव्हा मीच तिच्याशेजारी बसायचे ठरले. कोपराने एकदा ढोसले तर एकदम, दोनदा ढोसले तर सुटी.

“आणि मी ढोसल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही,” मी बजावले.

एकवीस कॉर्ड बिनचूक गेल्या. मग सुनंदाने शेवटचा अंतरा उचलला. चौदा वर्षे मी हा आवाज फक्त “दूध उतू गेलं!” एवढ्यासाठी ऐकला होता. तक्ता मांडीवरून घसरला, मी ऐकतच राहिलो. पियानो गप्प. मुक्ता आज्ञाधारकपणे हात वर धरून बसलेली!

टाळ्या झाल्या तेव्हा भानावर आलो. अकरा कॉर्ड शिल्लक! शिल्लक ठेवणे माझ्या स्वभावात नाही. सहा एकदम, पाच सुट्या, अशा एकूण सोळा ढोसण्या मी एका दमात दिल्या. मुक्तानेही त्या सगळ्या वाजवल्या. बूट, प्राजक्त, बूट, बूट! नमस्काराला वाकलेली सुनंदा दोनदा दचकली.

“बाबा, गाणं संपलं होतं!”

“मग थांबायचं ना!”

“तुम्ही ढोसत होतात!”

शेवटी सोसायटीचे अध्यक्ष नाना उठले. “वहिनी, हे एकावन्न रुपये तुम्हाला. पियानो थांबल्यावर काय गायलात हो!” मग माझ्याकडे वळले. “आणि हे अकरा तुम्हाला. पुढच्या वर्षी समोर खुर्चीत बसण्याबद्दल आगाऊ.”

एकशे चार माणसे हसली. मी अकरा रुपये घेतले, दोनदा मोजले आणि नानांना रीतसर पावती दिली.