रॉटरडॅमला फक्त ‘जाते’ म्हणायला

“एवढ्यासाठी युरोप? फोन कर की,” नवरा म्हणाला. पण यान्नाला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि मला तिची माफी समोर बसूनच मागायची होती. सात वर्षं टाळलं होतं. जानेवारीत तिच्या शेजारणीचा मेसेज आला, की चौऱ्याऐंशीची यान्ना घर विकून लेकीकडे चालली आहे. त्याच दिवशी मी व्हिसाची तारीख घेतली.

यान्ना माझी रॉटरडॅमची घरमालकीण. नाशिकची द्राक्षं तिकडे उतरतात, त्यांच्या तपासणीसाठी मी सहा महिने तिच्या माडीवर राहिले. शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं होतं, बॅगा आधीच ऑफिसात होत्या. सकाळी घाईत मी दारातून आपल्या सवयीने “येते हं” म्हणाले, फक्त इंग्रजीत. ती बिचारी समजली, मी जेवायला येणार. पुढे तिचं पत्र आलं: “सूप दोनदा गरम केलं.” उत्तर लिहायला बसले की शब्द सुचेनात, आणि मग नुसती लाजच उरली.

मार्चमध्ये निघाले. पहाटेच्या टॅक्सीने कसारा घाट उतरून मुंबई, तिथून थेट ॲमस्टरडॅम. पुढची ट्रेन तासाच्या आत रॉटरडॅमला पोचवते. बँकेचं कार्ड गेटला टेकवलं की झालं. उतरताना पुन्हा टेकवायला मात्र विसरू नका, नाहीतर भुर्दंड पडतो.

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने ओढणी तोंडावर फेकली. ओळख पटली! पण तेव्हा मी हे शहर गोदामाच्या खिडकीतून पाहिलं होतं. नदीकाठ इतका मोकळा असेल, उन्हाची तिरीप दिसली की लोक कामं टाकून बाकांवर बसत असतील, याचा पत्ताच नव्हता. सायकलवाल्यांच्या वाटेवर उभी राहून दोन शिव्याही खाल्ल्या. दुकानात आपली द्राक्षं दिसली, उगाच डबा हातात घेऊन पाहिला.

ट्रामने यान्नाकडे गेले. बरोबर सहाला, कारण तिथे जेवण सहाला म्हणजे सहाला. दार उघडून तिने मला नीट न्याहाळलं.

“उशीर केलास,” ती म्हणाली.

रडू आवरलं नाही. वाटाण्याचं घट्ट सूप खाता खाता मी तिला सांगितलं, की आमच्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. जातानाही ‘येते’च म्हणतात.

“मग मी वाट बघणं कधी थांबवायचं?” तिने विचारलं.

रोज संध्याकाळी गेले, चार दिवस. पुस्तकं खोक्यांत भरली, पडदे उतरवले. पाचव्या दिवशी निघताना जीभ अडखळली, पण मी ठरवूनच आले होते. तिचे हात धरून म्हणाले, “यान्ना, मी जाते.”

तिने मान हलवली, गालाला गाल लावला आणि दार लावून घेतलं.

परतल्यावर सायखेड्याला आईकडे गेले. ऐकून ती भडकलीच. “म्हातारं माणूस हाय ते! आन् तू तोंडावर ‘जाते’ म्हणून आली? लय शहाणी!”

आईला काय सांगू? त्या संध्याकाळी रस्त्यावरून मी वळून पाहिलं होतं. खिडकीत दिवा होता. यान्नाने एकच ताट मांडलं होतं आणि सूप गरम असतानाच ती जेवायला बसली होती.