वरच्या भाडेकरूची विचारपूस

भवानी पेठेतल्या समस्त रहिवाशांच्या वतीने, जड अंतःकरणाने आणि पूर्ण जबाबदारीने जाहीर करतो की, फुटलेल्या जलवाहिन्या, लग्नाच्या वराती आणि आडव्या लावलेल्या हातगाड्या यांना मिळून जे साधले नव्हते, ते आमच्या वरच्या भाडेकरूने एकट्याने साधले: आमच्या गल्लीतला एकही माणूस त्याने कामावर वेळेत पोचू दिला नाही.

हा भाडेकरू टांझानियाचा. औषधशास्त्र शिकायला सोलापुरात आलेला, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. उंची अशी की आमच्या जिन्याची चौकट त्याला रोज सकाळी कपाळावर शिक्का मारूनच बाहेर सोडायची. त्याच्या गावची रीत अशी की, माणूस भेटला की आधी त्याची झोप विचारायची, मग घरचे, मग काम, मग गुरंढोरं. आणि सगळी उत्तरं मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. आमची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. चालत्या गाडीवरून "काय, बरं हाय का?" असं ओरडायचं आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत कोपरा गाठायचा. बिचाऱ्याला सुरुवातीला हे कळेचना. कुणी तसं ओरडलं की तो दप्तर खाली ठेवून मन लावून सांगायला लागायचा. तिखटानं पोट बिघडलंय, आईचे गुडघे दुखतात, वर्गातले सर फार भरभर बोलतात. मान वर करून बघतो तर समोर कुणीच नाही. एकदा उरलेलं उत्तर त्याने दारातल्या म्हशीला पूर्ण ऐकवल्याचं मी स्वतः पाहिलंय. म्हशीने मात्र ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका," तो दमलेल्या आवाजात मला म्हणाला, "हितं सगळे विचारतात, थांबत कुणी न्हाय." त्याची बॅग कायम भरलेली, खाटेखाली. पुढच्या महिन्यात परत जातो, हे त्याचं दर महिन्याचं वाक्य.

मग त्याने ठरवलं, आपण तरी आपली रीत सोडायची नाही. झालं! सकाळी तो जिना उतरला की गल्लीत पळापळ. समोरच्या अक्का, माहेर मंद्रूपचं आणि आवाज तिथून इथवर ऐकू येईल असा, झाडू टाकून आत धावायच्या. "आली बया चौकशी! दार लावा गं!" त्यांचे यजमान एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर कामाला, तेही सायकल उचलून मागच्या बोळातून निघायचे. सापडायचो तो मी. पन्नाशीच्या माणसाला "झोप लागली का?" हा प्रश्न साधा नसतो हो! उत्तर पित्तापासून सुरू होतं आणि मुलाच्या नोकरीपाशीही संपत नाही. रोज उशीर. साहेबांना कारण तरी काय सांगणार?

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात त्याची आजी गेली. तिनेच त्याला वाढवलेलं. परीक्षा तोंडावर. आता गेला तर परत येणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिना उतरला तो हातात बॅग घेऊन, मान खाली घालून. त्या दिवशी चौकटसुद्धा लागली नाही. कुणाला काही विचारलं नाही. मी दारात उभा राहून हातातली कुलपाची किल्ली नुसती फिरवत राहिलो.

अक्कांनी झाडू त्याच्या वाटेत आडवा धरला. "थांब. झोप लागली का?"

त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"घरचे कसे हायत? बोल की लेकरा, मी हितंच हाय."

त्याने बॅग खाली ठेवली आणि पायरीवर बसून बोलायला लागला. आजीचं मक्याचं शेत, तिच्या शिव्या, तिचा मार. निम्मं मराठीत, निम्मं त्याच्या भाषेत. आत अक्कांचं दूध उतू गेलं, मग करपलं, वास गल्लीभर पसरला. अक्का हलल्या नाहीत. तो बोलायचा थांबला तेव्हा त्यांनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्या पुढ्यात ठेवली. "खा. आन् ती बॅग वर ठिवून ये." बॅग वर गेली. शिवाय त्या दिवसापासून अक्कांच्या घराचं दार त्याला बघून लागलं नाही.

परवा तो पदवी घेऊन गेला. निरोपाची विचारपूस पहाटेच सुरू झाली आणि तो कोपऱ्यावर पोचेपर्यंत रिक्षावाल्याची एक झोप झाली होती.

काल सकाळी गल्ली अगदी मोकळी. मला कुणी अडवलं नाही. कुलूप लावलं, स्कूटर काढली. समोर अक्का झाडू हातात धरून आमच्या जिन्याकडे बघत उभ्या. मी सवयीने ओरडलो, "काय अक्का, बरं हाय का?" आणि गाडी पुढे काढली, तोच मागून कुणीतरी ती गच्च धरली.

"अवो, इचारलंय तर थांबा की जरा!"