अंगाबरोबरचा फ्रॉक

टेलरबाईंच्या दुकानात लहान मुलांचा कपडा कधी मापात शिवला जात नसे. "वाढत्या अंगाचा करते," हे गिऱ्हाईक नीट बसायच्या आतच त्या सांगून टाकत. आत चार बोटं कापड दाबलेलं, बाह्या पार नखांपर्यंत. पोरं बिचारी पोत्यात घातल्यासारखी दिसत, पण त्यांच्या आया खूश. उद्याची सोय आजच झाली की माणसाला काय बरं वाटतं!

बाईंचा नवरा गेला तेव्हा लेक अगदी लहान होती. मग घरातलं सगळंच वाढत्या अंगाचं झालं. आता अभ्यास कर, पुढे खेळ. आता सहल नको, पुढे हिंडशीलच की. लेक शहाणी, कशाचा हट्ट म्हणून केला नाही. एकदाच, सात वर्षांची असताना, दुकानाच्या काचेतल्या पिवळ्या फ्रॉकपुढे अडून बसली. "आई, मला असा शिव ना. अंगाबरोबर." बाईंनी पिवळाच शिवला, पण ढगळ. तो अंगाला बसेपर्यंत त्याचा रंग पार विटला होता.

पुढे सगळं छान झालं, खोटं कशाला बोला. लेक शिकली, दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर गेली, तिचं घरदार झालं. बाईंच्या कष्टांचं चीज झालं, असं जो तो म्हणे आणि बाईही मान डोलवत. पण दुपारी मशीन थांबलं की त्यांचा जीव त्या सात वर्षांच्या पोरीसाठी तुटायचा. मोठी झालेली लेक फोन केला की बोलायची. छोटी कुठून बोलणार? पुढचं सुख सगळं मोठीला मिळालं, छोटीच्या वाट्याला काय आलं?

नातीला सातवं संपून आठवं वर्ष लागायच्या आत लेक तिला घेऊन राहायला आली. बाईंनी पिवळं कापड आणूनच ठेवलं होतं.

"हिला अंगाबरोबर शिवणार," त्यांनी जाहीर केलं.

"माप तरी घे आधी."

"मला शिकवतेस? जन्म गेला यात. नजरेनं कापते मी."

जास्तीचं कापड छाटताना कात्री क्षणभर अडखळली. मग बाईंनी ते छाटून टाकलं.

फ्रॉक तयार झाला. नात हौसेनं हात वर करून उभी राहिली आणि फ्रॉक खांद्यातच अडकला. नात चांगली गुटगुटीत. बाईंनी ओढूनताणून पाहिलं.

"आजी, दुखतंय!"

उसवून सैल करावा, तर आत कापडच नव्हतं. बाई ओशाळल्या. "अशी कशी गं चुकले मी?"

लेकीनं फ्रॉक हातात घेतला. अरुंद खांदे, एवढीशी कंबर.

"चुकली नाहीस, आई," ती म्हणाली. "हा माझा आहे."

बाईंनी फ्रॉकच्या खांद्यांवरून हात फिरवला.

"तुला बसला असता गं," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर बसला असता."