गवतात न अडकणारा मासा

मी पुण्याची, शाकाहारी घरातली. तरी मस्कतच्या अल् घुब्रातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर जी वेताची टोपली आहे, तिच्यात केळी नसतात, रबरी मासे असतात. पाहुणे आले की मी ती लपवत नाही. विचारलं तर सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते.

सासूबाई गेल्या आणि मालवणकडच्या घरात बाबा, म्हणजे माझे सासरे, एकटे उरले. त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध डाग पडला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं. एकदा विहिरीपाशी पडले, तेव्हा आम्ही त्यांना मस्कतला आणलं. आणलं म्हणजे माझ्या हवाली केलं, कारण नवरा दूर इब्राच्या साइटवर आणि फक्त गुरुवारी संध्याकाळी घरी. लग्नापासून तोवरचं माझं आणि बाबांचं संभाषण म्हणजे "जेवलंस काय?" आणि "हो बाबा."

बाबा दिवसभर बाल्कनीत बसत. समोर दुसऱ्या इमारतीच्या बाल्कन्या आणि एसीचे डबे. आठवडा संपायच्या आत त्यांनी सांगितलं, "चेडवा, माका परत धाड."

"का? इथे काय कमी आहे?"

"हय माका एक काम एकट्यान करूक गावत नाय. लिफ्टीचा बटाण पण दुसऱ्यान दाबूचा लागता."

मी शाळेत गणित शिकवते, वादात हार मानायची सवय नाही. म्हटलं, तिथे तरी एकट्याने काय करता येतं? ते म्हणाले, "गरी टाकूक येता." गरी म्हणजे गळ. मीही लगेच बोलून गेले, इथे गळ टाकता आला तर राहाल?

"एकट्यान. कोण वांगडा उभा नको. मग रवतलंय," बाबा म्हणाले. वांगडा म्हणजे सोबत.

त्यांचं परतीचं तिकीट महिनाअखेरचं होतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला, "तू? आणि मासे?" मला हसलेलं आवडत नाही. दुसऱ्याच दिवशी मी छंदाच्या मासेमारीचा परवाना कसा काढतात ते शोधायला बसले.

सूरच्या रस्त्याला, कुरियातच्या पुढे, एक उथळ खाडी आहे. तळाशी समुद्री गवताचं कुरण, मधूनमधून खडक, आणि खडकांच्या आडोशाला हामूर मासा, म्हणजे बाबांच्या मालवणीत गोब्रो. वेळ बाबांनी ठरवली. कोकणात भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट काढतात. त्या शुक्रवारी दशमी होती, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मीच बघितली. दहाचे पाऊणपट साडेसात. गणिताची बाई म्हणून मला हा हिशेब इतका आवडला की वाटेत मी त्याचं भरभरून कौतुक केलं. सकाळी सातला पोचलो तर खाडीतलं पाणी निम्मं उतरलेलं आणि गवत चिखलावर आडवं पडलेलं.

"पाणी खय गेला?" बाबांनी वास घेत विचारलं.

पाणी गेलं होतं, कारण समुद्राने तिथी पाळली होती पण मालवणचं घड्याळ पाळलं नव्हतं. इथली भरती आपल्याकडच्यापेक्षा दोन-अडीच तास आधीच येऊन जाते. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही, कारण तिथीवरून भरती काढणारं माणूस मस्कतमध्ये दुसरं कोण असणार!

तरी बाबांनी कोळंबी लावून गळ टाकला. पहिल्याच खेपेला गवतात अडकला. दुसऱ्याही. प्रत्येक वेळी मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात जायची, गळ सोडवायची. बाबा काठावर दोरी धरून उभे. शेवटी त्यांनी रीळ गुंडाळलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तिकीट रवांदे तसाच." मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही गवतावर होते.

घरी येऊन मी मोबाइलवर माणसं मासे कसे पकडतात ते बघत बसले. आमच्या घराण्यात कुणी बघितलं नसेल इतकं बघितलं. मग सीबच्या जुन्या बाजारातलं मासेमारीच्या सामानाचं दुकान गाठलं आणि दिसायला सुंदर म्हणून एक लाकडी मासा घेतला. पोटाखाली तीन-तीन तोंडांचे दोन गळ. पुढच्या खेपेला खाडीवर बाबांनी तो फेकला आणि ओढला, तर मासा दिसेनाच, नुसती गवताची पेंढी बाहेर आली. बाबा म्हणाले, "म्हशीक घालूक बरी." आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला विनोद. तिकिटाची तारीख जवळ येत होती, तरी मी खूश झाले.

पुन्हा दुकानात गेले. "भैया, घास में नहीं अटकनेवाला दिखाओ." त्याने मऊ रबरी माशांची पाकिटं काउंटरवर पसरली. या माशांत गळ उघडा नसतो. तो पोटातून जातो आणि त्याचं टोक पाठीवरच्या खाचेत, कातडीखाली झाकून ठेवतात. गवताला बोचायला काही सापडतच नाही. खरा मासा चावला की मऊ अंग दबतं आणि टोक वर येतं. हे कळल्यावर मला वाटलं, झालं, सुटलो. पण त्यातही निवड होतीच. रंगावर भुलून घेतलेला निळा मासा जड निघाला, सरळ गवताच्या बुडाशी जाऊन बसला. दुसरा इतका मऊ होता की दोन-चार फेकींत गळावरून घसरून गोळा झाला. तिसरा कडक. एक लहानसा मासा त्याला चावून गेला आणि टोक बाहेरच आलं नाही. "करायला गेलो गणपती आणि झालं माकड," असं मी तीनदा म्हटलं असेल.

शेवटी जो सापडला तो तळहाताएवढा, तारली माशाच्या रंगाचा, वल्ह्यासारखी शेपटी असलेला. पोटाला चीर, पाठीला खाच. गळ रुंद आणि त्याच्या दांड्यावर अगदी थोडं शिसं, एवढंच की मासा गवताच्या शेंड्यांवरून पोहत जावा. तो लावायचा कसा ते मी बाबांना वाचून दाखवलं. पुढचं बाबांच्या बोटांनी केलं. ते अंगठ्याने माशाची लांबी मापत, गळ कुठे बाहेर यायला हवा तिथे नख टेकवत, आणि भरली मिरची फाटू न देता सारण भरावं तसा गळ आत घालत. मी लावलेल्या माशावर एकदा बोट फिरवून म्हणाले, "वाकडो आसा, गरगर फिरतलो." दोन रात्री जेवणानंतर डायनिंग टेबलावर हेच चाललं होतं. मी पोळ्या लाटत होते, ते मासे लावत होते, आणि आम्ही बोलत होतो. सासूबाई तांबोशीचं कालवण कसं करायच्या, माझा नवरा लहानपणी पोहायला किती घाबरायचा. माझं लग्न ज्या घरात झालं त्या घराची ओळख मला त्या टेबलावर झाली, आणि त्याबद्दल मी त्या रबराच्या तुकड्यांची ऋणी आहे. हे मी हसण्यावारी सांगत नाही.

तिकिटाच्या आदल्या शुक्रवारी आम्ही मालवणच्या भरतीच्या वेळेतून अडीच तास वजा करून खाडीवर पोचलो. पाणी भरलेलं, गवत खाली डुलत होतं. बाबांनी पिशवीतून नारळ काढून पाण्यात सोडला, हात जोडले. गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू थय बस."

मी लांब खडकावर बसले, शाळेचे पेपर तपासायला घेतले. बाबा फेकत होते, सावकाश ओढत होते. दोरी दर वेळी स्वच्छ येत होती. मग रॉड वाकला. मी उठले, आणि शपथेवर सांगते, तशीच परत बसले. बाबांनी एकट्याने हामूर आणला, चाचपून गळ सोडवला, मासा बादलीत टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी लाल पेन हातात धरून नुसती बसले होते. आनंद झाला होता आणि थोडं पोरकंही वाटत होतं, कारण आता त्यांना माझी गरज नव्हती. हवं होतं तेच झालं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

थोड्या वेळाने बाबांनी हाक मारली, "चेडवा, अडाकला गे! ये!"

मी चपला टाकून पाण्यात धावले, मनात तिकीट, विमानतळ, विहीर. दोरी हातात घेतली आणि ओढली. रबरी मासा शेपटी हलवत आला, अंगावर गवताची एक काडीही नाही.

"बाबा, कुठे अडकलाय? मोकळाच आहे."

"माहीत आसा माका."

"मग हाक का मारलीत?"

बाबांनी रॉड माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरून फेकायच्या दिशेला वळवलं.

"एकट्यान करूक येता, ता बघलं," ते म्हणाले. "आता कोण वांगडा असलो तर चलात."