दाराच्या बाजूला उभा राहणारा

जन्मभर दाराकडे तोंड करून बसलेला माणूस एका दुपारी दाराकडे पाठ करून का बसला, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. ते त्याच्या धाकट्या मुलीलाही देता आले नाही, आणि ती तर तेव्हा त्याच खोलीत होती.

निवृत्त पोलीस निरीक्षक म्हणून गल्लीत त्यांना मान होता. ठाण्यातले लोक मात्र पाठीमागे त्यांना 'भिंत' म्हणत, कारण कुठेही गेले तरी ते भिंतीला पाठ टेकूनच बसत. लग्नाच्या फोटोतही ते तसेच उभे आहेत. "माझ्याशी लग्न केलंत की त्या भिंतीशी?" असे त्यांची पत्नी पाहुण्यांदेखत विचारी. "भिंत उलट बोलत नाही, एवढाच फरक," असे उत्तर ते चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता देत. घरात त्यांचा आवाज कधी चढला नाही. मुलांचे गणवेश ते स्वतः इस्त्री करत. कोणाला ताप आला तर कपाळावरची ओली पट्टी दुसऱ्या कोणाला बदलू देत नसत.

या मायाळू माणसाने घराला एक भीतीही शिकवली होती. बंद दारासमोर कधी उभे राहायचे नाही, कारण आतून काय अंगावर येईल ते सांगता येत नाही: ही नोकरीतली सवय. स्वतःचे दार ठोठावतानाही ते बाजूला, भिंतीशी सरकून उभे राहत. त्यामुळे दारातल्या भिंगातून ते कधीच दिसत नसत, आणि घरच्यांनी त्यावरून उलटाच नियम बांधला होता. भिंगात कोणी दिसले तर तो परका, कडी काढायची नाही. कोणीच दिसले नाही तर बाबा. शेजारीण हे ऐकून म्हणाली होती, "मग तुमच्याकडे भूत आलं, तर त्याला थेट आत घ्याल!"

हसण्याचे दिवस पुढे राहिले नाहीत. निवृत्ती दोन वर्षांवर आली असताना वडिलांनी आपल्याच एका हवालदाराविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. त्याने कोठडीत एका आरोपीला इतके मारले होते की त्या माणसाचा हात कायमचा लुळा पडला. हवालदाराची नोकरी गेली, तो तुरुंगात गेला. न्यायालयाच्या पायऱ्यांवर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, एकदा घरी येईन."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होते आणि कोणीच ते उच्चारत नव्हते. त्याची शिक्षा संपल्याची बातमी आली तेव्हा वडील निवृत्त झाले होते, आई पाय मोडून आतल्या खोलीत प्लास्टरमध्ये पडली होती, आणि धाकटी भांडे पडले तरी दचकत होती.

वडील केस कापायला गेले होते. दारावर दोनदा टकटक झाली. धाकटीने भिंगाला डोळा लावला. समोर रिकामा जिना. तिने कडी काढली.

भिंतीशी सरकून हवालदार उभा होता.

त्यालाही बाजूला उभे राहायला वडिलांनीच शिकवले होते, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा तो आत आलेला होता. केस पिकले होते. उजवा हात खांद्यावरच्या कापडी पिशवीत होता आणि तो त्याने बाहेर काढला नाही. "घाबरू नका, ताई," तो म्हणाला. भिंतीजवळची, दाराकडे तोंड असलेली खुर्ची त्याला शोधावी लागली नाही. तो सरळ त्या खुर्चीत जाऊन बसला.

"आले का गं?" आतून आईची हाक आली.

धाकटीने पिशवीकडे पाहिले. "हो... आले."

"बूट बाहेर काढायला सांग त्यांना. आत्ताच फरशी पुसून घेतलीये."

"काढतो, वहिनी," असे पुटपुटत हवालदाराने खरोखरच एका हाताने बूट काढले आणि खुर्चीखाली सारले.

पुन्हा दोनदा टकटक. भिंगात कोणी नव्हते. ओरडावे, तर हा माणूस आणि अंथरुणाला खिळलेली आई एका छपराखाली; उघडावे, तर वडील त्याच्या पुढ्यात. इकडे आड, तिकडे विहीर.

"उघडा ना," हवालदार म्हणाला. "साहेब ताटकळतील."

तिने उघडले. डोळ्यांनी काही सांगावे असे तिच्या मनात आले. पण दार उघडण्याआधी काय करायचे एवढेच वडिलांनी शिकवले होते. उघडल्यावर काय, ते नव्हते शिकवले.

वडिलांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे, मग पिशवीकडे. त्यांच्या मानेवर कापलेले बारीक केस चिकटले होते. "तू आत आईजवळ जा," ते म्हणाले. ती दारापाशीच खिळून राहिली. त्यांनी स्टूल ओढले आणि हवालदारासमोर, उघड्या दाराकडे आणि तिच्याकडे पाठ करून, बसले.

"आलास."

"म्हटलं होतं ना."

"हो. वाटच पाहत होतो."

"एकच विचारायचंय, साहेब. मी मारत होतो तेव्हा तुम्ही कोठडीच्या दारात होतात. बाजूला उभे. न्यायालयात माझ्याबद्दल सांगितलंत ते सगळं खरं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हा आत का आला नाहीत?"

हे घरात कोणालाच माहीत नव्हते. वडिलांचा सदरा पाठीला घामाने चिकटत चाललेला धाकटीला दिसत होता. पिशवीतला हात हलला, थांबला.

"यायला हवं होतं," वडील म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

हवालदाराने खुर्चीखालचे बूट पायाने पुढे ओढले. मग उठला, बुटांत पाय सरकवले आणि लेस न बांधताच जिना उतरून गेला. पिशवीत काय होते ते कोणी पाहिले नाही. वडिलांनी विचारले नव्हते.

"कोण होतं हो?" आईने विचारले.

"जुना सहकारी."

"मग चहा तरी विचारायचा! जन्म पोलिसात गेला, माणसांत कधी येणार तुम्ही?"

वडील उठले आणि दार लावायला धाकटीपाशी आले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकून मागे सरकली. त्यांनी हात काढून घेतला, कडी लावली आणि ते आईची उशी सारखी करायला आत गेले.

हवालदार पुन्हा आला नाही. धाकटीने १९९९ च्या जूनमध्ये दुसऱ्या शहरातल्या शाळेत नोकरी पत्करली, आणि २००७ साली वडील वारेपर्यंत ती त्या घरी मुक्कामाला राहिली नाही.