दोन पडद्यांवरचा निकाल

दिग्रसच्या बसस्थानकामागे मुजफ्फर मिक्सर, पंखे आणि चार्जर दुरुस्त करतो. पन्नाशीकडे झुकलेला, एकटा राहणारा हा माणूस गिऱ्हाइकाशी यंत्राच्या दुखण्यापलीकडे फारसं बोलत नाही. पुसदला दिलेल्या बहिणीचा, जेबाचा फोन आला, की जेवलो म्हणून सांगतो आणि आटोपतं घेतो.

तरुणपणी याच गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथल्या मारामारीच्या गेमवर मुजफ्फर आणि जवळच्या तांड्यावरचा धावजी एकाच पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहत. हरणाऱ्यानं चहा सांगायला जायचं, असा रिवाज. मुजफ्फर बहुधा जिंकत असे, कारण आगीचा गोळा फेकण्याआधी धावजीचा डावा खांदा ताठरायचा आणि तो ताण मुजफ्फरला आपल्या दंडावर कळायचा. हे गुपित त्यानं कधी फोडलं नाही. दुकान कायमचं बंद झालं त्या दिवशी दोघं एकेक फेरी जिंकले होते. तिसरी रंगात आली आणि वीज गेली. पुढे धावजी वणीच्या कोळसा खाणीत डंपर चालवू लागला.

ती अर्धी फेरी मुजफ्फरच्या मनात रुतून बसली. यंदा धावजी पुतणीच्या लग्नाला येणार असं कळलं, तेव्हा त्यानं भंगारातून आणलेले हातात मावणारे दोन गेम दुरुस्त केले. गेम तोच, पण पार खंगलेला. सहा बटणांचं काम दोनांवर आलेलं, निम्मे लढवय्ये गायब, आगीचा गोळा म्हणजे सरकणारा ठिपका. तरी दोन्ही यंत्रं वायरीनं जोडता येत होती.

"काहून बे मुज्जू, हे लेकरायचं खेळणं कायले काढलं?" लग्न उरकून वणीला परतताना दुकानात शिरताच धावजीनं विचारलं.

"बस. आपली फेरी राह्यली."

"कोणती?"

"लाइट गेलती ती."

"अबे, तुले अजून आठवते?" धावजी हसतच स्टुलावर टेकला.

दोघं समोरासमोर बसले, माना आपापल्या पडद्यात घालून. मुजफ्फरला खांद्यावरून काहीच उमगेना.

"मेला तुया पहिलवान!" धावजी ओरडला.

"मेला कसा? तुयाच पडला. पाह्य इकडं."

त्यांनी पडदे शेजारी धरले. धावजीच्या पडद्यावर धावजी जिंकला होता, मुजफ्फरच्या पडद्यावर मुजफ्फर. वायरीतून बटणांचे दाब उशिरा पोचत, काही वाटेतच गळत; प्रत्येक यंत्रानं आपली निराळीच लढत लढवली होती. पुन्हा खेळले, पुन्हा तेच.

"मंग चहा कोण सांगन?" धावजी खदखदून हसला. "बरं झालं ना बे, दोघंबी जिंकलो. मिटलं भांडण."

"मी हारलो असतो तरी चाललं असतं," मुजफ्फर म्हणाला.

"तू? तू त कधी हारतच नव्हता." बाहेर वणीच्या गाडीचा पुकारा झाला. "चाल, निंगतो. लग्नात आला नाही तू, घरचे पुसून राह्यलते." हातातलं यंत्र टेबलावर ठेवून धावजी गेला.

वायर जोडलेलीच होती आणि नवी फेरी आपोआप सुरू झाली. मुजफ्फरच्या पडद्यावर धावजीचा लढवय्या मुठी आवळून जागच्या जागी डुलत उभा राहिला. एका लाथेत पडला असता. मुजफ्फरनं बटणांवरून अंगठे उचलले आणि पडद्याच्या वरच्या कडेला उलटी मोजली जाणारी वेळ संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिला.