अव्वाच्या नावाचं चलान

परवा नांदेडला माझ्या स्कूटीचं ई-चलान आलं. सिग्नल तोडला होता हे खरं, गाडीही माझीच... फक्त चौकाचं नाव भलतंच. लेक एकदम खूश. "आई, चूक आहे ना त्यांची? मग चलान आपोआप कॅन्सल!"

मला हसूच आलं. हे असंच वाक्य मी लहानपणी उदगीरला, आमच्या ओसरीत ऐकलं होतं. तेही एका वकिलांच्या तोंडून.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. सरकारी कागद कधीकधी उस्मानाबादच्याच नावाने छापलेले यायचे, त्यावर काट मारून वर लातूर लिहायचे. आणि त्या वर्षी दुष्काळ... नळाची वाट बघणंसुद्धा लोकांनी सोडून दिलं होतं.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात आडतीचं दुकान. सकाळी सौदे सुरू झाले की त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. आणि पाणी तर देगलूर रस्त्यावरच्या मामांच्या विहिरीवरून आणायचं. शेवटी अप्पांनीच आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, लूना शिकवली... मोंढ्यामागच्या मोकळ्या जागेत, माणसं पांगल्यावर. लायसन्सचा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

इरकली लुगडं, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला, आणि मागे दोन कॅनच्या मधे मी. अजूनही ती अव्वा मला स्पष्ट दिसते.

एक दिवस नाक्यावर हवालदाराने हात केला. लायसन्स नव्हतंच. त्याने विचारलं, गाडी कुणाची?

"घरच्यांची," अव्वा म्हणाली.

"घरच्यांचं नाव?"

अव्वा मागे वळून कॅनचं झाकण घट्ट करू लागली. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात उच्चारलं नव्हतं. आमच्याकडे बायका उच्चारतच नसत. हवालदार वैतागला. "ओ बाई, उखाण्यात घ्या पायजे तर, पण घ्या की!" शेवटी मीच दोन कॅनच्या मधून मान काढून अप्पांचं नाव सांगून टाकलं. तोही इतका कातावला होता की चालकाच्या रकान्यात सरळ अप्पांचंच नाव लिहिलं आणि कागद अव्वाच्या हातात ठेवला.

संध्याकाळी शेजारचे वकीलकाका आले. त्यांनी चलान दिव्याखाली धरून पाहिलं. "अप्पा, हे टिकत न्हाई!"

"जिल्हाबी उस्मानाबादच राहिलाय वो," अप्पा उत्साहाने म्हणाले.

"ते सोडा. तसल्या चुकीवर कुणी सुटत न्हाई. पण चालक म्हणून तुमचं नाव हाय, आन तुमी तर त्या वेळी मोंढ्यात सौदे करत होता. सगळा बाजार साक्षीला. उडालं चलान!"

"आन गाडी कोण चालवत होतं म्हणून विचारलं तर?"

"आपल्याला काय माहीत?"

अव्वा चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, "माहीत न्हाई कसं? सगळ्या गल्लीला माहीत हाय."

अप्पांचा चेहरा उतरला. "अगं, कोर्टात तुझं नाव पुकारतील. मोंढ्यात तोंड दाखवायची सोय राहणार न्हाई."

"मग उद्या पुन्हा धरलं तर पुन्हा तुमचंच नाव लिहायचं का? मला लायसन काढायचंय. चोरून न्हाई चालवायची."

"कोर्टात बोललीस तर लूनाच विकून टाकतो बघ," अप्पा म्हणाले. अप्पा तसं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्या रात्री घरात कुणी फारसं जेवलं नाही.

कोर्टाच्या तारखेला अव्वा न विचारताच अप्पा आणि वकीलकाकांबरोबर निघाली. मला घरी कुणाजवळ ठेवायचं म्हणून मीही.

न्यायाधीशांनी वकीलकाकांचं शांतपणे ऐकून घेतलं. ते स्वतः जे म्हणाले त्याचा अर्थ मला फार नंतर कळला... लिहिताना चूक झाली म्हणून घडलेली गोष्ट पुसली जात नाही, चूक दुरुस्त करता येते. पण माणूसच दुसरा असेल तर या माणसाला दंड कसा करायचा? मग त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

वकीलकाका कागद चाळू लागले. अव्वा उठली.

"मी, साहेब."

"पूर्ण नाव सांगा."

"महानंदा..." आणि ती थांबली. पुढे नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. कारकून पेन धरून बसलेला. अप्पा दाराशी, खाली चपलांकडे बघत उभे. अव्वाने पदर सावरला.

"महानंदा मन्मथ." आडनाव सांगायचं राहूनच गेलं.

दंड भरून आम्ही बाहेर आलो. आता लूना जाणार, म्हणून मला रडू यायच्या बेतात होतं. कोर्टासमोरच्या हॉटेलात अप्पांनी चहा सांगितला.

"भर कोर्टात नाव घेतलीस की माझं," ते हळूच म्हणाले.

"मग? दुसऱ्या कुणाचं घेऊ?"

अप्पांना इतकं हसू आलं की बशीतला चहा धोतरावर सांडला. मग डोळे पुसत म्हणाले, "लायसनचं ऑफिस आता लातूरलाच झालंय म्हणं. सोमवारच्या बसनी जाऊन येऊ."

गेले दोघं. एका खेपेत काम झालं नाही, पण झालं.

पुढे पाऊस आला, नळ आले, मामांच्या विहिरीवर जायची गरज उरली नाही. तरी अव्वा कधीकधी दुपारची लूना काढायची... काही आणायचं नसताना, कुठे पोचायचं नसताना, गावाबाहेर एक चक्कर मारून परत. मोंढ्यात कुणीतरी खोचकपणे अप्पांना विचारायचंच, मालकीणबाई कुठं निघाल्या?

अप्पा तराजूवरची नजर न हलवता सांगायचे, "फिरायला."

या एका शब्दासाठी मी अप्पांची जन्मभर ऋणी आहे.